टर्बो, शर्यत आणि चार मीटरची रेघ

शर्यतीच्या मोटारींचा इतिहास बहुधा चालकांच्या नावांनी सांगितला जातो. मी तो नियमांच्या अंगाने वाचत आलो आहे. टर्बोचार्जर बसवलेली टूरिंग कार, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या घरगुती गाडीचा शर्यतीतला अवतार, आधी नियमपुस्तकात जन्मते आणि मग कारखान्यात, असे माझे मत आहे. त्याचा एक ठळक पुरावा नाशिक-पुणे रस्त्यावरच्या चाकणला आहे. मात्र तो समजण्यासाठी आधी युरोप पाहावा लागतो.

टर्बोचे तत्त्व साधे आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणारा धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणजे इंधनही जास्त जाळता येते. नाशिककरांना हे परके नाही. कसारा घाट चढणाऱ्या ट्रकची शिट्टी त्याच चक्राची असते. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली स्कॉर्पिओही टर्बो डिझेलच होती.

शर्यतीत मात्र या यंत्राने पंचांना कोड्यात टाकले. तिथे गाड्यांचे गट इंजिनाच्या आकारमानावर पडतात. दोन लिटरचे टर्बो इंजिन तीन लिटरचे काम करू लागले, तर ते बसवायचे कोणत्या गटात? उत्तर निघाले गुणाकाराचे. टर्बो इंजिनाच्या आकारमानाला १.४ ने गुणावे आणि येईल तो आकडा खरा धरावा.

आता उत्पादक त्या गुणाकारातून उलटे गणित मांडू लागले. व्होल्वो २४० टर्बोचे इंजिन २,१२७ सीसीचे होते. १.४ ने गुणल्यावर ते तीन लिटरच्या रेषेच्या किंचित आत राहते. ही चौकोनी, खोक्यासारखी गाडी १९८५ ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकून गेली. पुढे १९८८ पासून गुणक १.७ झाला. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचे इंजिन २,५६८ सीसीचे ठरले, कारण गुणाकारानंतर ते साडेचार लिटरच्या गटात बसत होते. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ च्या २९ शर्यती तिने जिंकल्या.

याच्या जोडीला आणखी एक अट होती. शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने बनवून विकावी लागे. फोर्डने १९८७ साली सिएरा आरएस५०० च्या पाचशे गाड्या काढल्या, त्या यासाठीच. म्हणजे शर्यतीच्या नियमाने ग्राहकाच्या दारातली गाडी घडवली.

आपल्याकडे तेव्हा परमिटचा काळ होता. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कुर्ल्यात बनलेल्या फियाट धावत. टर्बोची टूरिंग कार आली ती फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यानंतर. २०१० साली पोलो कप सुरू झाला, तोही टर्बो डिझेल इंजिनावर. २०१२ मध्ये १.४ लिटरचे पेट्रोल टीएसआय इंजिन आले, २०१५ मध्ये व्हेंटो आणि २०१७ मध्ये १.८ लिटरच्या टर्बो इंजिनाची, सुमारे २०५ अश्वशक्तीची अमिओ. शर्यती झाल्या श्रीपेरंबुदूर, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाला. सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या, त्यामुळे गुणाकाराची गरजच उरली नाही. कस लागला तो चालकाचा.

पण अमिओ मुळात का जन्मली? २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोलवर १,२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. डिझेलसाठी ही मर्यादा १,५०० सीसी होती. त्या रेघेच्या आत राहावे म्हणून पोलोला आखूड डिकी जोडून खास भारतासाठी ३,९९५ मिलिमीटरची अमिओ बनवली गेली. गाडी नियमानेच घडवली, फक्त तो नियम शर्यतीचा नव्हता, कराचा होता.

इथे मला खरा फरक दिसतो. युरोपात जे शर्यतीत धावे, ते विकावेच लागे. आपल्याकडे जे विकले जाई, त्यात शर्यतीचे इंजिन नव्हते. १.८ लिटरची टर्बो अमिओ कोणत्याही शोरूममध्ये मिळत नव्हती. त्या गाड्या पुण्यात उभ्या करणाऱ्या अभियंत्यांचे आणि मेकॅनिकांचे कसब अस्सल होते. पण त्या कसबाचा लाभ ग्राहकापर्यंत पोचवणारी वाट नियमांनी ठेवली नव्हती.

दुसरी वाट होती, याचा दाखला रॅलीत मिळतो. नाशिक परिसरातल्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र ही राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी होत असे. त्या अजिंक्यपदात महिंद्राने गौरव गिल यांच्या हाती एक्सयूव्ही५०० दिली. तिचे २.२ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन जातकुळीने तेच होते, जे ग्राहकाला मिळत होते, आणि समोर दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या. शर्यतीतून गाडी सुधारते ती अशाच झुंजीत.

अमिओचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, भारतातल्या पोलोचे २०२२ मध्ये. चार मीटरची रेघ मात्र आजही आपल्या गाड्यांच्या डिक्या कापते आहे. करवसुलीसाठी आखलेल्या रेघेने गाडी आखूड होते. ती चांगली व्हावी, अशी त्या रेघेची अपेक्षाच नसते.