गाविलगड : ‘तुमच्या लोकांनी’ बांधलेला किल्ला

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही शाळेतली काही शिक्षकमंडळी, काहींची कुटुंबं आणि नववी-दहावीतली आठ-दहा मुलं-मुली चिखलदऱ्याला गेलो होतो. एक दिवसाची ट्रिप. सकाळी परतवाड्याहून निघायचं, चार-पाच पॉइंट आणि धबधबे पाहायचे, दुपारी गाविलगडावर थोडं चालायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. टेम्पो ट्रॅव्हलरवाल्यानेच गाइडची सोय केली होती. पंचविशीतला, तिथलाच राहणारा, हसऱ्या तोंडाचा मुलगा. मी त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याने जे म्हटलं ते इतर कोणीही म्हटलं असतं.

श्रावणातला चिखलदरा ज्यांनी पाहिलाय त्यांना वर्णनाची गरज नाही. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असलेलं सातपुड्यातलं हे ठिकाण. खाली आमच्याकडे कपाशीच्या शेतात चिखल तुडवत माणसं घामाघूम झालेली असतात, आणि तासाभराच्या घाटानंतर अंगावर शाल घ्यावी लागते. भीमकुंडाशी पोचलो तेव्हा दरी धुक्याने भरली होती. धबधब्याचा आवाज येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. गाइडने कथा सांगितली : भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकलं, कुंडात हात धुतले, म्हणून ही कीचकदरा आणि पुढे चिखलदरा. पंचबोल पॉइंटवर मुलांनी आपापली नावं ओरडून दरीकडून परत ऐकली. देवी पॉइंटवर कड्याखालच्या ठाण्यात खडकातून पाणी ठिबकत होतं. गाइड म्हणाला, इथून समोर गाविलगड दिसतो. धुकं क्षणभर फाटलं आणि तटाची काळी रेघ दिसली.

गाइडने आणखी एक माहिती दिली, तीही बरोबर होती. 1823 साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण ‘शोधलं’ आणि मग इथे बंगले झाले, कॉफी आली. माझ्या मनात आलं, ज्या डोंगरावर कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि ज्याच्या माथ्यावर चारशे वर्षं किल्ला उभा होता, तो डोंगर शोधायचा म्हणजे काय? पण मी बोललो नाही. ट्रिपला आलेल्या मास्तराने गाइडला शिकवू नये, असं बायकोने निघतानाच बजावलं होतं.

दोन तोंडांचा पक्षी

दुपारी गाविलगड. बाहेरच्या कोटातून चालत आतल्या कोटाकडे जाताना गवत कमरेएवढं होतं. आतल्या कोटाच्या एका दरवाजाशी मुलं थांबली. कमानीच्या बाजूला दगडात कोरलेली चित्रं आहेत : सिंहासारखी जनावरं आणि दोन तोंडांचा एक पक्षी, ज्याने हत्ती पकडलेत. नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, “सर, ये चिडिया के दो मुँह क्यूँ हैं?” आणि लगेच हळू आवाजात दुसरा प्रश्न : “किला तो मुसलमानों का है ना? फिर जानवर कैसे?”

मी उत्तर द्यायच्या आत गाइड माझ्याकडे वळून म्हणाला, “हा किल्ला तुमच्याच लोकायनं बांधला ना जी, सर.”

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. उलट मला बरं वाटावं, असाच त्याचा हेतू असावा. आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलंही. हल्ली इतिहासात ‘तुमचे लोक’ हा शब्द आला की तो बहुतेक वेळा आरोप म्हणून येतो. इथे तो कौतुक म्हणून आला होता. छाती थोडी फुगली. दुसऱ्या क्षणी प्रश्न पडला, माझे लोक म्हणजे नेमके कोण?

फरिश्त्याच्या तवारीखेप्रमाणे गाविलगड दगडात बांधला तो अहमदशाह बहमनीने, इसवी 1425 च्या सुमारास, एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला त्याचा मुक्काम असताना. नाव मात्र त्याच्याही आधीचं. इथल्या गवळ्यांची जुनी गढी होती, म्हणून गाविलगड. या अहमदशाहाला लोक ‘वली’ म्हणतात. बिदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे आणि तिथल्या उरुसात लिंगायत जंगमही मानाने येतो. म्हणजे पहिल्याच नावाशी ‘तुमचे-आमचे’ ही वाटणी अडखळते.

पुढचं नाव फतहउल्लाह इमाद-उल-मुल्क. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक. महमूद गावानने बहमनी सल्तनतीच्या चार तरफांचे आठ भाग केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे झाले, आणि गाविलची तरफ फतहउल्लाहकडे आली. 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याची राजधानी आमचं एलिचपूर. आता हा फतहउल्लाह कोण? विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घराण्यातला मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीवर सुलतान बनला.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दोन तोंडांचा तो पक्षी म्हणजे गंडभेरुंड, दक्षिणेतल्या राजघराण्यांचं, विजयनगरचं चिन्ह. फतहउल्लाहच्या काळात या किल्ल्याची मोठी डागडुजी झाली, आणि या शिल्पाचा संबंध अभ्यासक त्याच्या विजयनगरी मुळाशी जोडतात. लहानपणी हरवलेल्या मुलखाची खूण माणसाने आपल्या दरवाजावर लावली असेल, तर त्यात नवल काय? कलमा पढला म्हणून आजोळ पुसलं जात नाही. तो दरवाजा ओलांडून पुढे गेलं की त्याच किल्ल्यात मशीद उभी आहे. दोन्ही एकाच किल्ल्यात, एकमेकांना अडचण न होता.

आणि हा एकटाच नव्हता. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फरिश्ताच सांगतो. ही पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. तेव्हा ती इमादशाहीच्या हद्दीत होती. आपल्या वाडवडिलांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून निजामशाहाने ती मागितली, इमादशाहाने दिली नाही, आणि दोघांत लढाया झाल्या. ब्राह्मण मुळाचा सुलतान आणि कानडी हिंदू मुळाच्या सुलतानाचा वारस एका मराठी गावासाठी भांडतायत. यात ‘तुमचे लोक’ शोधून दाखवा.

15 डिसेंबर 1803

1574 मध्ये मुर्तजा निजामशाहाने इमादशाही संपवली. त्याच्या अमलातल्या बहरामखानाने बांधलेला बुरूज आजही ‘बुर्ज-ए-बहराम’ म्हणून ओळखला जातो. 1596 मध्ये चांद सुलतानाला वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त गाविलगडाला जवळजवळ जोड नसलेला बळकट किल्ला म्हटलंय, आणि तिथल्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, अशी नोंद केलीय. अठराव्या शतकात किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला.

मग 1803. असईची लढाई 23 सप्टेंबरला झाली, आडगावची 29 नोव्हेंबरला. हरलेल्या फौजेतले लोक गाविलगडावर आले. किल्लेदार होता बेनीसिंह, राजपूत. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. दक्षिणेकडून चढ सरळ उभा, म्हणून वेलस्लीने तिकडून नुसता मारा चालू ठेवला आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे पाठवलं. तोफा ओढून नेण्यासाठी सैनिकांनी जंगलात रस्ता पाडला. बाहेरच्या तटाला खिंडारं पडली आणि 15 डिसेंबरला हल्ला झाला. आतला कोट शाबूत होता. तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंह लढताना मारला गेला.

म्हणजे चित्र असं होतं : बहमनी सुलतानाने बांधलेला, इमादशाहाने सजवलेला किल्ला, त्याचं रक्षण करतोय मराठ्यांचा राजपूत किल्लेदार. आणि चाल करून येणाऱ्या स्टीव्हन्सनच्या हाताखाली हैदराबादची तैनाती फौज, म्हणजे निजामाच्या पैशांवर उभी असलेली. धर्म पाहून पक्ष ठरवायचा असेल, तर मी त्या दिवशी तटाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं? ज्या दरवाजावर गंडभेरुंड आहे आणि ज्याच्या आत मशीद आहे, तो वाचवताना बेनीसिंह मेला. मला तरी तो परका वाटत नाही.

आणि या सगळ्या रक्तपाताचा शेवट? दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि त्यात गाविलगड भोसल्यांना परत मिळाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड मात्र त्यांनी गमावला. पुढे हा किल्लाही निजामाकडे आला, आणि 1853 मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला.

मशिदीसमोर

गाइड आम्हाला तोफा दाखवून परत फिरवत होता. मी मशिदीबद्दल विचारलं. तो म्हणाला, “तिकडं काही पाह्यासारखं नाही जी, पडकी आहे.” तरी आम्ही गेलो. पडकी आहेच. मागचा भाग ढासळलाय, पण दर्शनी कमानी उभ्या आहेत आणि कोपऱ्यावरच्या छत्रीची दगडी जाळी अजून इतकी नाजूक आहे, की आमच्या चित्रकलेच्या सरांनी पावसात छत्री बाजूला ठेवून ती वहीत उतरवायला घेतली.

जोहरची वेळ होती. दहावीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, यहीं पढ लें?” मला मोह झाला. पण हे संरक्षित स्मारक आहे आणि आज कुठल्याही दगडावर माणसाने गुडघे टेकले की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. मी म्हटलं, गाडीपाशी पढू. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला अजून दिसतो. मी कायद्याचा मान राखला की भ्यालो? बहुधा दोन्ही. मात्र एक गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या पटली : ही मशीद मला ताब्यात नको आहे. ती मला समजून हवी आहे, आणि माझ्या मुलांना वाचता यायला हवी आहे.

‘वाचता’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. बुर्ज-ए-बहरामवरचा काळ हिजरी 985, म्हणजे इसवी 1577. हे मी पुस्तकात वाचलं होतं. गडावरचे जुने लेख फारसीत, आमच्या उर्दूच्याच लिपीत. त्या गाडीत बसलेल्यांपैकी ती अक्षरं लावू शकणारे कोण होते? आमची उर्दू शाळेतली मुलं. फारसीचा अर्थ त्यांना लगेच लागणार नाही, पण अलिफ, बे, हे तर ओळखता येतात. ज्या लिपीला आपण ‘नोकरीला उपयोगाची नाही’ म्हणून घरातून हद्दपार करतोय, तिच्यात वऱ्हाडचा दोन-अडीचशे वर्षांचा कारभार लिहिलेला आहे. आणि मोडी-मराठीशिवाय तो पुरा लागत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून आमच्या मुलांना दोन्ही हवं.

इथे माझा गुन्हा कबूल करतो. वर्गात मी कुर्तुबाच्या मशिदीबद्दल तास तास बोललोय. बगदादच्या बैत-उल-हिकमाबद्दल बोललोय. शाळेपासून तासाभरावर असलेल्या गाविलगडाबद्दल इतक्या वर्षांत एक तासही घेतला नाही. मग गाइड मशिदीला ‘पडकी’ म्हणून पुढे जातो, याचा दोष मी त्याला कोणत्या तोंडाने देऊ? त्याला कोणी सांगितलंच नाही. सांगणाऱ्यांपैकी एक मी होतो.

खाली उतरताना गाइड माझ्याबरोबर चालत होता. मी बायकोची सूचना मोडली आणि त्याला फतहउल्लाहची, त्या पक्ष्याची आणि बेनीसिंहाची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे मंग हा किल्ला कोणाचा म्हणावा, सर?”

मी म्हटलं, “गवळ्यांचा म्हण, बहमनींचा म्हण, भोसल्यांचा म्हण. दगड वाहिले त्यांचीही नावं असती, तर तुझे-माझे दोघांचे पणजोबा त्यात सापडले असते. आपल्या लोकांनी बांधला म्हण.”

तो हसला आणि म्हणाला, पुढच्या पार्टीला तो पक्षी नक्की दाखवीन. मी त्याला मशीदही दाखवायला सांगितली. गाडीपाशी आलो तेव्हा पाऊस थांबला होता. ओल्या गवतावर चटई टाकून आम्ही नमाज पढलो, आणि तोवर त्याने सगळ्यांसाठी कॉफी सांगून ठेवली होती.