गुडघ्याची वाटी आणि चांदीची तार

उर्दूत तिला चपनी म्हणतात, मराठीत वाटी. ती आडवी फुटून तुकडे सरकले, की मांडीचा स्नायू वरचा तुकडा ओढून धरतो. मग सजद्यातून उठणं दूरच, पाय सरळ उचलणंही कठीण.

पूर्वी सर्जन गुडघा उघडायला भीत. आत पू झाला तर पाय जाई, कधी जीवही. 1877 साली ग्लासगोत हेक्टर कॅमेरून आणि लंडनमध्ये त्यांचे गुरू जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिकने जंतू रोखून तुकडे चांदीच्या तारेनं बांधले. माझ्या मते मोठं काम कार्बोलिकचं. तार सोनारही वळतो!

पुढे स्वित्झर्लंडच्या एओ गटानं दोन पिनांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार आवळण्याची रीत रूढ केली. गुडघा वाकवताना तुकडे फाकण्याऐवजी एकमेकांवर दाबले जातात.

आमच्या यवतमाळकडे अजून काहीजण आधी हाडवैद्य गाठतात. न सरकलेल्या तडीला प्लास्टर पुरतं. सरकलेले तुकडे मालिशनं कसे जुळणार?