छपरावरचे पाणी खाली कसे उतरले

इ.स. १२४० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने लंडनच्या किल्ल्यातील मोठ्या बुरुजाविषयी एक हुकूम काढला. बुरुजाच्या माथ्यावरून पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या शिशाच्या पन्हळी थेट जमिनीपर्यंत खाली आणाव्यात, असे त्यात म्हटले होते. कारणही नोंदवलेले आहे. भिंतीला नुकताच पांढरा रंग दिला होता आणि वरून ठिबकणाऱ्या पाण्याने ती भिंत खराब होऊ नये, अशी राजाची इच्छा होती. हाच तो 'व्हाइट टॉवर'. पावसाच्या उभ्या नळाचा इंग्लंडमधला हा फार जुना लेखी पुरावा आहे. रणांगण किंवा राज्याभिषेक यांच्याइतकाच हा हुकूम इतिहासाच्या तासाला वाचून दाखवण्याजोगा आहे, असे मला वाटते. भिंतीची खरी हानी कोण करतो हे तो लिहिणाऱ्याला नेमके कळले होते.

पाऊस भिंतीवर पडतो तेव्हा तो सगळीकडे सारखा पडतो. उघड्या भिंतीला तेवढा मारा बहुधा सोसतो. छप्पर मात्र मोठ्या क्षेत्रावरचे पाणी गोळा करते आणि एका कडेवर किंवा एका तोंडाशी आणून सोडते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाला शंभर मिलिमीटर या वेगाने सर आली, तर तासाला दहा हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २.८ लिटर पाणी येते. पंधरा लिटरची बादली साडेपाच सेकंदांत भरेल. हे सारे पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या एकाच पट्ट्यावरून वाहू लागले तर चुना धुपतो, विटा पाणी पितात, लोणा लागतो आणि भिंतीत शिरलेल्या वाशांची टोके कुजतात.

यावर माणसाने दोन उपाय शोधले. एक म्हणजे पाणी भिंतीपासून दूर फेकणे आणि दुसरा म्हणजे ते बंदिस्त वाटेने खाली नेणे. पहिला उपाय स्वस्त, म्हणून तो सर्वत्र दिसतो. ग्रीक देवळांच्या छपरांच्या कडेला सिंहमुखे असत व त्यांच्या जबड्यांतून पाणी बाहेर पडे. आपल्या कोकणातील घराने तर नळाचा विचारच केला नाही. उतरते छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आणले, पागोळ्या अंगणात पडू दिल्या आणि त्यांनी खळगे पाडू नयेत म्हणून खाली दगड मांडले. जिथे दोन छपरांचे उतार एकमेकांना भिडतात तिथेच पन्हळ घालायची. ती पोफळीचे खोड उभे चिरून, आतून कोरून करीत. देशावरच्या धाब्याच्या घरांना पुढे आलेले छप्पर नसते. तिथे मातीच्या छतावरचे पाणी भिंतीबाहेर डोकावणाऱ्या लाकडी, दगडी किंवा पत्र्याच्या पन्हळीतून खाली उडी घेते. 'पन्हळ' हा शब्द संस्कृत 'प्रणाल'पासून आला. देवळात अभिषेकाचे पाणी गाभाऱ्याबाहेर नेणारी मकरमुखी वाट ही देखील प्रणालच. त्याच कुळातली 'प्रणाली' आज संगणकाच्या संदर्भात भेटते, हे मुलांना सांगितले तर गंमत वाटेल.

दुसऱ्या उपायाचे मूळही जुने आहे. मोहेंजोदडोच्या घरांत वरच्या मजल्याचे सांडपाणी भाजक्या मातीच्या, एकात एक बसणाऱ्या नळांतून भिंतीच्या आतून खाली आणलेले आढळले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत खडकाच्या उतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत सोडले आहे. तेथील शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. त्या भिक्षूंना पाणी टाळायचे नव्हते, साठवायचे होते. ही दोन उद्दिष्टे पुढे फार काळ एकमेकांपासून दूर राहिली.

युरोपातील गॉथिक मंदिरांनी पाणी दूर फेकण्याचा मार्ग पराकोटीला नेला. भिंतीबाहेर मान काढून तोंडातून पाणी ओकणारे दगडी प्राणी आपण चित्रांत पाहतो. फ्रेंच भाषेतले त्यांचे नाव घशावरून आले आहे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुतज्ज्ञ व्हिओले-ल-द्यूक याच्या मते असे प्राणी सुमारे १२२० मध्ये लाआँच्या कॅथीड्रलवर प्रथम आले. पुढे त्यांची संख्या वाढत गेली, कारण पाणी पुष्कळ तोंडांत वाटले की प्रत्येक धार बारीक होते आणि खाली कमी इजा करते. पॅरिसच्या नोत्र दामवरचे प्रसिद्ध राक्षस मात्र पाण्याशी संबंधित नाहीत. ते याच व्हिओले-ल-द्यूकने एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी बसवले. मुंबईच्या रेल्वे टर्मिनसवर, म्हणजे १८७८ ते १८८८ या काळात स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार बांधलेल्या इमारतीवरही असे दगडी प्राणी भिंतीबाहेर झेपावलेले दिसतात.

दूर फेकलेले पाणी कुठेतरी पडतेच. शहरात ते रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पडते. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हा त्रास नित्याचा होता. १७२४ च्या कायद्याने तेथे घरमालकांवर बंधन घातले की छपरावरचे पाणी भिंतीलगतच्या नळांनी खाली आणून रस्त्याच्या नालीत सोडावे. हेन्रीला भिंतीची काळजी होती. आता काळजी वाटसरूची होती. खाजगी घराच्या छपरावरचे पाणी ही सार्वजनिक बाब ठरली, म्हणून हा कायदा मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमारास आणखी एक बदल घडला. १६६६ च्या आगीचा धसका लंडनने घेतला होता. त्यामुळे १७०७ च्या कायद्याने छपराच्या कडेच्या पुढे आलेल्या लाकडी पट्ट्यांना मनाई झाली. दर्शनी भिंत छपराच्या वर उचलून कठडा करण्याची पद्धत पडली आणि पन्हळ त्या कठड्यामागे गेली. घर नीटनेटके दिसू लागले, आग पसरण्याचा धोका घटला; पण एक गोष्ट उलटी झाली. कडेला टांगलेली पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडते. कठड्यामागची पन्हळ तुंबली तर ते घरात उतरते. आपल्या गच्चीच्या इमारतींची गत हीच आहे. गच्चीच्या कोपऱ्यातील जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी बसली की काही तासांत गच्चीचे तळे होते.

आता धातूंकडे वळू. सुरुवातीचे नळ शिशाचे होते. शिसे मऊ, वाकवायला सोपे आणि गंजत नाही. नळ-कारागिराला इंग्रजीत 'प्लंबर' म्हणतात तेही शिशाच्या लॅटिन नावावरूनच. सोळाव्या-सतराव्या शतकांत हॅडन हॉल, नोल यांसारख्या श्रीमंत वाड्यांवर नळाच्या माथ्याशी शिशाच्या नक्षीदार पेट्या बसवल्या गेल्या. त्या निव्वळ मिरवण्यासाठी नव्हत्या. उभ्या नळातून किती पाणी जाईल हे बहुधा नळाच्या जाडीपेक्षा त्याच्या तोंडावर ठरते. नळात पाणी भिंतीला चिकटून पातळ थराने उतरते आणि मधली पोकळी हवेने भरलेली राहते. अडचण असते ती वरच्या तोंडाशी. तेथे पाणी काठावरून आत पडते, म्हणून काठाचा घेर आणि काठावरची पाण्याची खोली या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. खोली दुप्पट झाली तर आत जाणारे पाणी सुमारे २.८ पट होते. रुंद पेटी पाण्याला ही खोली आणि घेर दोन्ही देते. उलट चार पाने तोंडावर आडवी पडली की घेर निम्म्यावर येतो, आणि मोकळा नळ असूनही पाणी वरून सांडते. नरसाळे आणि बादली घेऊन हा प्रयोग वर्गाच्या व्हरांड्यात सहज करता येतो.

शिसे महाग होते. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल येथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवले आणि त्यानंतर काही दशकांत बीड स्वस्त झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बिडाचे नळ आले व एकोणिसाव्या शतकात ते साच्यांतून हजारोंनी बाहेर पडू लागले. १८३७ मध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले, तेव्हा पत्र्याची पन्हळ सामान्य घराच्या आवाक्यात आली. मुलाम्याला ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. मात्र तांब्यावरून वाहत आलेले पाणी जस्ताच्या पन्हळीत सोडू नये. विरघळलेले तांबे जस्ताला झपाट्याने खाते.

बिडाच्या नळाचा शत्रू त्याच्या पाठीशी असतो. भिंतीला टेकवून बसवलेल्या नळाची मागची बाजू रंगवता येत नाही, ती ओली राहते आणि तिथेच तो गंजून उभा फुटतो. समोरून नळ धडधाकट दिसतो, भिंत मात्र आतून भिजत असते. म्हणून नळ भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटा बसवावा लागतो. पूर्वीचे कारागीर पावसाच्या नळाचे सांधे पुष्कळदा पक्के भरतच नसत. नळ तुंबला की ज्या सांध्यातून पाणी बाहेर येईल त्याच्या खाली बोळा आहे, हे लगेच कळे. सांधा गळतो म्हणून तो सिमेंटने लिंपणारा माणूस इशाराच बंद करतो.

मुंबईतील जुन्या चाळींवर हे बिडाचे नळ आजही दिसतात, आणि सांध्यांतून उगवलेले पिंपळही. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, ओल मिळते आणि मुळे भिंतीत शिरतात. पिंपळ वरून छाटला तर पुन्हा फुटतो; मूळ कोवळे असतानाच काढावे लागते. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते करायचे कोणी? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाडेकरूंना निवारा टिकला, हे त्याचे मोठे काम. पण मालकाला नळावर खर्च करावासा वाटेना आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा करावा लागला, तोवर कित्येक इमारतींचे दुखणे नळापासून तुळयांपर्यंत पोचले होते. मुंबईतल्या जुन्या इमारती का कोसळतात याची कारणे अनेक आहेत. त्यांत वर्षानुवर्षे न पुसलेल्या ओलीचा वाटा मोठा आहे.

विसाव्या शतकाने दोन नवे पदार्थ दिले. १९०१ मध्ये हाट्शेक याने पेटंट घेतलेले अॅसबेस्टॉस-सिमेंट गंजत नाही, हलके आणि स्वस्त असते. परंतु त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगासारखे आजार होतात. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. शाळेच्या जुन्या इमारतीवर असा करडा नळ असेल तर तो कोरडा घासू, कापू किंवा भोसकू नये आणि मुलांकरवी तर मुळीच हलवू नये. पीव्हीसीचा नळ गंजत नाही, मात्र उन्हाने ठिसूळ होतो आणि तापला की लोखंडाच्या सुमारे सहा पट वाढतो. तीन मीटरच्या नळाचे तापमान चाळीस अंशांनी बदलले तर बिडाचा नळ जेमतेम दीड मिलिमीटर वाढेल, पीव्हीसीचा आठ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून त्याच्या सांध्यात थोडी जागा सोडतात. सगळे क्लॅम्प आवळून टाकले की नळ वाकतो आणि सांधा निसटतो.

१८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी लंडनमध्ये संस्था काढली. वास्तू जीर्ण होऊ देऊन मग तिचा 'जीर्णोद्धार' करण्यापेक्षा रोजची निगा राखावी, गळके छप्पर वेळीच दुरुस्त करावे, असा तिच्या जाहीरनाम्याचा आशय होता. निगा राखणाऱ्यांची नावे इतिहासात येत नाहीत. सोरेल आठवतो, दर वैशाखात पन्हळीतली पाने काढणारा गडी नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मे महिन्यात पन्हळ साफ करावी, आणि झाडे जवळ असतील तर श्रावणात एकदा पुन्हा. कचरा नळात ढकलू नये, बाहेर काढावा. शिडी धरायला खाली दुसरा माणूस हवाच. ओल्या कौलांवर किंवा पत्र्यावर चढू नये. पन्हळीत बादलीभर पाणी ओतून ते कोठे साचते ते पाहावे. उतार नसेल तर तेथे डासांची पैदास होते. नळाचा वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या तोंडात बसलेला असावा, उलट नव्हे. बिडाला रंग देण्याआधी गंज खरवडून प्राइमर द्यावा. जुना तांबडा प्राइमर म्हणजे शिशाचा शेंदूर, त्यामुळे तो खरवडताना धूळ उडू देऊ नये. खालच्या टोकाचा वाकडा तुकडा जोत्यावर पाणी सोडत असेल तर वरची सारी मेहनत वाया जाते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो ९४ हजार लिटरांहून अधिक भरतो. कान्हेरीच्या भिक्षूंप्रमाणे ते टाकीत किंवा शोषखड्ड्यात नेता येते. मात्र पहिल्या सरींचे पाणी धूळ आणि विष्ठेसह सोडून द्यावे.

तपासणीची खरी वेळ म्हणजे भर पाऊस. छत्री घेऊन इमारतीला एक फेरी मारावी आणि पाणी कोठून सांडते ते वहीत लिहावे. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि भिंतीचा जो पट्टा अजून ओला असेल त्याच्याभोवती खडूने रेघ ओढून तारीख घालावी.