सिंगापूरचे वकील डेव्हिड मार्शल

डेव्हिड सॉल मार्शल म्हटले की लोकांना सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री एवढेच आठवते. पण ते पद त्यांच्याकडे जेमतेम १४ महिने होते. वकिली मात्र ते चाळीस वर्षे करत होते. म्हणून इथे त्यांची वकिलीच मुख्यतः सांगते.

जन्म १२ मार्च १९०८, सिंगापूर. आईवडील बगदादी ज्यू, म्हणजे मुंबईचे ससून ज्या समाजातले त्याच समाजातले. आडनाव मूळचे माशाल, त्याचे पुढे मार्शल झाले. शाळा रॅफल्स इन्स्टिट्यूशन. इंग्लंडला जाण्यासाठी क्वीन्स स्कॉलरशिप मिळवायची म्हणून रात्रंदिवस अभ्यास केला आणि परीक्षेच्या तोंडावर कोसळले. निदान झाले क्षयाचे. आजच्या तरुणांना सांगायला हवे की त्या वेळी स्ट्रेप्टोमायसिन नव्हते. चांगली हवा, चांगले खाणे आणि पूर्ण विश्रांती एवढाच इलाज. त्यांना स्वित्झर्लंडला पाठवले आणि ते बरे झाले, पण स्कॉलरशिप गेली ती गेलीच. मग नोकऱ्या केल्या, विक्रेत्याचे काम केले, फ्रेंच शिकवले, पैसे साठवले आणि स्वतःच्या खर्चाने लंडनला गेले. मिडल टेंपलमधून १९३७ मध्ये बॅरिस्टर झाले. परत येऊन वकिली सुरू केली तेव्हा तिशी आली होती.

मुंबई हायकोर्टात पूर्वी सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात बोलणारा बॅरिस्टर वेगळा असे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सिंगापूरला तसे नाही. तिथे अ‍ॅडव्होकेट आणि सॉलिसिटर एकच माणूस. दावा दिवाणी असो की फौजदारी, कागद तयार करणारा तोच आणि न्यायाधीशापुढे उभा राहणाराही तोच. मार्शल यांनी आधी रॉडिक अँड डेव्हिडसन आणि नंतर अ‍ॅलन अँड ग्लेडहिल या जुन्या पेढ्यांत काम केले. मध्येच लढाई आली. ते स्वयंसेवक शिपाई होते. १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांचे कैदी झाले, पुढे होक्काइडोच्या थंडीत मजुरीला नेले. सुटून आल्यावर १९४६ मध्ये ज्यू वेल्फेअर बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले.

नाव गाजले ते खुनाच्या खटल्यांत, ज्युरीसमोर. एप्रिल १९५५ मध्ये मुख्यमंत्री झाले, आणि लंडनच्या बोलण्यांत स्वराज्य मिळाले नाही म्हणून जून १९५६ मध्ये शब्दाप्रमाणे राजीनामा दिला. त्याच वर्षी चीनला गेले असताना शांघायमध्ये अडकलेल्या ज्यूंसाठी चाऊ एन-लाय यांच्याशी बोलले, आणि त्यांना बाहेर पडायची परवानगी मिळाली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वकिली हीच, आणि ती कोर्टाबाहेर झाली.

१९६९ मध्ये सरकारने ज्युरी बंद करायचा कायदा आणला. मार्शल समितीपुढे जाऊन विरोधात बोलले. पंतप्रधान ली क्वान यू यांनी त्यांना विचारले, खुनाच्या शंभर खटल्यांत किती जण सोडवलेत? ते म्हणाले, नव्याण्णव. झाले! हे उत्तर ज्युरीच्याच विरोधात वापरले गेले. वकिलाने कुठे थांबावे हे एवढ्या मोठ्या माणसालाही त्या दिवशी सुचले नाही. ज्युरी गेली.

पुढे १९७१ मध्ये नानयांग सियांग पाऊ या चिनी वर्तमानपत्राच्या माणसांना खटल्याशिवाय अटकेत ठेवले, तेव्हा त्यांची बाजू मार्शल यांनी घेतली. त्यात त्यांनी प्रतिज्ञापत्रे बाहेर जाऊ दिली, अ‍ॅटर्नी जनरलला दिलेला शब्द मोडला असा ठपका आला, आणि १९७२ मध्ये सहा महिने वकिली बंद. तेव्हा वय ६४.

१९७८ मध्ये त्याच सरकारने त्यांना फ्रान्सला राजदूत नेमले, आणि तिथे ते १९९३ पर्यंत राहिले. परतल्यावर वयाच्या ८५व्या वर्षी ड्रू अँड नेपियर या पेढीत सल्लागार म्हणून पुन्हा वकिलीकडे आले. १२ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.