गावडा समाज : तीन वाटा, एक नाव

पेडणे तालुक्यातील कोरगावचे श्रीदेव कमळेश्वराचे देवालय आपल्या मूळ गावीच नांदत आहे. दक्षिणेस शापोरा नदी ओलांडली की बारदेश लागतो. तेथील जुनी देवालये मात्र सोळाव्या शतकातच पाडली गेली. एका नदीच्या दोन तीरांत एवढे अंतर का पडावे? याचे उत्तर सनावळीत सापडते. बारदेश पोर्तुगिजांच्या हाती 1543 साली गेला. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1788 साली गेले. तोवर धर्मांतराचा आवेश ओसरला होता. नव्या काबिजादीतील प्रजेचा धर्म व रीतिरिवाज राखण्याचे वचन सरकारने दिले आणि 1853 साली त्या रिवाजांची संहिताही काढली.

गोव्याचे आद्य रहिवासी मानल्या जाणाऱ्या गावडा समाजाला या कालभेदाने दुभंगले. जुन्या काबिजादीत अनेक गावडे ख्रिस्ती झाले. इतर हिंदूच राहिले. 1928 साली मसूरकर महाराजांनी शुद्धीची चळवळ चालवून हजारो ख्रिस्ती गावड्यांना हिंदू धर्मात आणले. सरकारने महाराजांना अटकही केली. परंतु खरी कसोटी पुढेच होती. ज्या समाजात परतायचे, त्यानेच बेटीव्यवहाराच्या वेळी हात आखडता घेतला. ‘नवहिंदू’ हे नाव कायमचे चिकटले आणि दोन गटांचे तीन झाले.

त्यांना एका नावाखाली आणले ते राज्यघटनेने. अनुसूचित जातींसाठी 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींसाठी ती नाही. म्हणून गावडा, कुणबी व वेळीप यांना 2003 साली जमातीचा दर्जा लाभला, तेव्हा देवळात हात जोडणारा आणि चर्चमध्ये गुडघे टेकणारा एकाच यादीत आला. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील जमातींची संख्या 1,49,275 भरली. त्याच वर्षी मे महिन्यात बाळ्ळी येथे हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात दोन तरुणांनी प्राण गमावले. मागणीत सहभागी असलेले धनगर मात्र 2003 च्या यादीबाहेरच राहिले.

कोरगावची देवळे वाचली, याचे श्रेय पुष्कळसे त्या मधल्या 245 वर्षांना द्यावे लागते. एवढे ध्यानी घेतले, तर नदीपलीकडच्या गावड्याला त्याच्या पूर्वजांच्या धर्मांतराचा जाब विचारण्याचा मोह आपल्याला होणार नाही.