'नो-फ्लाय झोन'मध्ये विमान चुकून शिरलं, तर पायलटचं काय होतं?

११ मे २००५. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधून दोन सीटचं एक छोटं सेसना १५० विमान निघालं. जायचं होतं नॉर्थ कॅरोलायनातल्या एका एअर शोला. वाटेत रस्ता चुकला आणि विमान वॉशिंग्टनच्या दिशेनं सरळ पुढे येत राहिलं, ते व्हाइट हाउसपासून साधारण तीन मैलांपर्यंत पोचलं. खाली व्हाइट हाउस आणि कॅपिटॉल म्हणजे त्यांचं संसद भवन रिकामं केलं गेलं, लोक अक्षरशः पळत रस्त्यावर आले. वर आधी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि मग एफ-१६. या लढाऊ विमानांनी इशारा म्हणून फ्लेअर्स सोडले. शेवटी मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला विमान उतरवलं, आतल्या दोघांना ताब्यात घेतलं, चौकशी झाली आणि सोडून दिलं. गुन्हा दाखल झाला नाही.

म्हणजे सुटले? नाही. विमानाची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या पायलटचं लायसन्स एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, तातडीचा आदेश काढून रद्द केलं. शेजारी बसलेल्या शिकाऊ पायलटवर मात्र काहीच कारवाई झाली नाही. दोघंही एकाच विमानात, एकाच चुकीत, पण निकाल वेगळा. अमेरिकेतला नियम नेमका कसा चालतो ते समजून घ्यायला हे उदाहरण मला सगळ्यात चांगलं वाटतं.

ही बंद क्षेत्रं असतात तरी कुठे?

काही कायमची असतात. व्हाइट हाउस आणि कॅपिटॉलच्या वरच्या भागाला पी-५६ म्हणतात, तिथे सामान्य पायलटनं जायचंच नाही. त्याभोवती वॉशिंग्टन विमानतळापासून ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात यायचं असेल तर आधी फ्लाइट प्लॅन, रेडिओवर संपर्क आणि स्वतंत्र ट्रान्सपॉन्डर कोड लागतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या पायलटनं ६० नॉटिकल मैलांच्या आत यायच्या आधी एफएएचा ऑनलाइन कोर्सही पूर्ण केलेला असावा लागतो.

खरी गडबड होते ती तात्पुरत्या निर्बंधांमुळे. यांना टीएफआर म्हणतात. राष्ट्राध्यक्ष कुठे गेले की त्यांच्याभोवती साधारण ३० नॉटिकल मैलांचं, म्हणजे ५५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं जातं. रेल्वेनं सीएसएमटी ते कल्याण जेवढं, जवळपास तेवढी नुसती त्रिज्या! आतल्या १० मैलांत छोट्या खाजगी विमानांना जवळपास पूर्ण बंदी, बाहेरच्या कड्यात अटींवर परवानगी, आणि ट्रेनिंगची उड्डाणं बंद. राष्ट्राध्यक्ष फ्लोरिडात पाम बीचला असले की जवळच्या लँटाना विमानतळावरचा धंदा ठप्प होतो तो यामुळेच. पायलट व्हायला फ्लोरिडाला गेलेला तुमचा कोणी मित्र असेल तर त्याला विचारा, तो 'व्हीआयपी टीएफआर' म्हटल्यावर कपाळाला हात लावेल.

स्टेडियमचा नियम तर आणखी मजेशीर आहे. ३०,००० किंवा जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये मोठ्या लीगची बेसबॉल किंवा फुटबॉल मॅच असेल तर भोवती ३ नॉटिकल मैल, जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत बंदी. मॅचच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत. आता मॅच लांबली तर? निर्बंधही लांबतो. म्हणजे पायलटला मॅचचं टाइमटेबल माहीत असायला हवं!

मग ॲप काय करतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पायलट नाही, त्यामुळे मला यातला हाच भाग जास्त रंजक वाटतो. तिकडचे छोटे पायलट आयपॅडवर फोरफ्लाइटसारखं ॲप वापरतात. नकाशावर आपलं विमान सरकताना दिसतं आणि टीएफआरची लाल वर्तुळंही दिसतात. बघून वाटतं, आता चुकणार कोण?

पण ते वर्तुळ म्हणजे शेवटी डाउनलोड केलेला डेटा. निघायच्या दोन तास आधी वायफायवर ॲप उघडलं, तेव्हा निर्बंध नव्हता, मधल्या वेळात नवा लागू झाला, की स्क्रीन बिनधास्त जुनंच दाखवत राहते. कॅशचा हा प्रॉब्लेम आम्हाला रोजचा आहे, फक्त आमच्याकडे त्यामुळे एफ-१६ येत नाही. कायद्यानं खरी मानली जाते ती नोटॅम नावाची लेखी सूचना. टीएफआर दाखवणाऱ्या एफएएच्या वेबसाइटवरही ठळक सूचना असायची की ही यादी पूर्ण असेलच असं नाही, उड्डाणाचं नियोजन यावरून करू नका, ताज्या माहितीसाठी फ्लाइट सर्व्हिसला फोन करा.

आणि नोटॅमची यंत्रणा तरी अमर आहे का? ११ जानेवारी २०२३ ला तीच बंद पडली आणि अमेरिकेतली देशांतर्गत उड्डाणं साधारण दीड तास थांबवावी लागली. कारण काय, तर मुख्य आणि बॅकअप डेटाबेस सिंक करताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फाइल्स डिलीट झाल्या. प्रॉडक्शन सर्व्हरवर काम केलेल्या कोणालाही हे वाचून घाम फुटेल.

शेजारी लढाऊ विमान आलं तर

घाबरून खाली सूर मारायचा नाही, अचानक वळायचं नाही. येणारं विमान पंख हलवतं, त्याचा अर्थ 'माझ्या मागे ये'. तुम्हीही पंख हलवून 'समजलं' असं कळवायचं आणि मागे जायचं. रेडिओ १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर लावून बोलायचं, वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७७००. वॉशिंग्टनमध्ये २००५ पासून जमिनीवरून लाल-लाल-हिरवा असा लेझरचा प्रकाशही दाखवतात, तो दिसला की लगेच रेडिओवर संपर्क करून तिथून बाहेर पडायचं. विमानापासून तातडीचा धोका आहे असं ठरलं तर ते पाडताही येईल, असं राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्याच्या नोटॅममध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

उतरल्यानंतर

बहुतेक वेळा एफ-१६ वगैरे काही येत नाही. कंट्रोलर शांत आवाजात सांगतो की पायलट डेव्हिएशनची शक्यता आहे, एक फोन नंबर लिहून घ्या. अमेरिकन पायलट सगळ्यात जास्त घाबरतात ते या वाक्याला. तुम्ही कोण हे शोधणंही आता सोपं झालंय, कारण १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या बहुतेक हवाई क्षेत्रात एडीएस-बी सक्तीचं आहे आणि ते विमानाची ओळख सतत प्रसारित करतं.

पुढे एफएएचा इन्स्पेक्टर चौकशी करतो. 'मला माहीतच नव्हतं' हे उत्तर इथे चालत नाही, कारण उड्डाणाशी संबंधित सगळी उपलब्ध माहिती आधी बघणं हेच पायलटचं काम आहे. त्यामुळे चुकून शिरलं तरी उल्लंघन हे उल्लंघनच. पहिल्यांदाच आणि नकळत झालं असेल तर साधारण ३० ते ९० दिवस लायसन्स निलंबित होतं. प्रकरण सेसना १५० सारखं गंभीर असेल तर लायसन्स रद्द, आणि मग सहसा एक वर्ष नव्यानं अर्जही करता येत नाही. एफएएनं २०१५ पासून प्रामाणिक चुकांसाठी शिक्षेऐवजी समुपदेशन आणि जादा ट्रेनिंगचा मार्गही आणलाय, पण सुरक्षेच्या क्षेत्रात तो मिळेलच असं धरून चालू नये.

अपील एनटीएसबीच्या न्यायाधीशाकडे करता येतं. साध्या निलंबनाला अपील केलं तर निकालापर्यंत ते थांबतं, तातडीनं रद्द झालेलं लायसन्स मात्र हातातून गेलेलंच असतं. हौशी पायलटसाठी ६० दिवस म्हणजे घरी बसणं. एअरलाइनमध्ये जाऊ बघणाऱ्या विशीतल्या पोरासाठी ती नोंद जास्त महाग पडते, कारण नोकरी देण्याआधी एअरलाइन पायलटचं रेकॉर्ड तपासते.

तुरुंग? तो 'जाणूनबुजून' या शब्दावर अवलंबून आहे. राष्ट्रीय संरक्षण हवाई क्षेत्राचा नियम जाणूनबुजून मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सेसनावाल्या दोघांवर खटला झाला नाही तो यामुळेच. ते हरवलेले होते, हल्लेखोर नव्हते.

नासाची चिठ्ठी

हा भाग मला वाचताना सगळ्यात जास्त आवडला. १९७६ पासून नासा एक योजना चालवते: चूक झाली की पायलटनं स्वतःहून नासाला कळवायचं. नियमांची अंमलबजावणी एफएए करतं आणि रिपोर्ट जातो नासाकडे, म्हणजे दोघांमध्ये भिंत. नासा नाव असलेली पट्टी वेगळी करते, त्यावर तारखेचा शिक्का मारते आणि ती तुम्हालाच परत पाठवते. रिपोर्टमध्ये तुमची ओळख उरत नाही, पुरावा फक्त तुमच्या हातात.

नंतर एफएएनं कारवाई केली तर ही पट्टी दाखवायची. उल्लंघनाची नोंद होते, पण शिक्षा माफ. अटी आहेत: १० दिवसांत कळवलेलं हवं, चूक नकळत झालेली हवी, त्यात गुन्हा किंवा अपघात नको आणि मागच्या ५ वर्षांत दुसरं उल्लंघन सिद्ध झालेलं नको. आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडल्यावर कोणाला दोष न देता रिपोर्ट लिहायची पद्धत आहे, विमानवाल्यांनी ती कितीतरी आधी कायद्यात बसवली.

आणि ड्रोन?

विमान आपल्यापैकी किती जण उडवणार, पण फोनला जोडून ड्रोन उडवणारे बरेच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ वणवा पेटला होता आणि वर टीएफआर लागू होता. आग बघायला म्हणून एकानं ड्रोन उडवला, तो नजरेआड गेला आणि पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाला धडकला. पंखाला भोक पडलं, विमान आगीच्या कामातून बाहेर गेलं. त्या माणसानं गुन्हा कबूल केला, दुरुस्तीचा खर्च ६५,००० डॉलरच्या वर गेला. त्याच महिन्यात डीजेआयनं अमेरिकेत बंद क्षेत्रात ड्रोन आपोआप अडवणारं फीचर काढून टाकलं. आता ॲप फक्त इशारा दाखवतं, पुढे जायचं की नाही ते उडवणाऱ्यावर.

आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवलेले असतात. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि या नियमांखाली दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर घेताना हॉल कोणत्या रंगात येतो ते त्याच दिवशी सकाळी पुन्हा एकदा उघडून बघा, आदल्या आठवड्यात काढलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.