लगनची सीख आणि भिजवलेला पाव

मागच्या उन्हाळ्यात पेपर तपासून संपले त्या दिवशी शाळेतल्या आठ-नऊ बाई माझ्या घरी जमल्या होत्या. दावत वगैरे काही नव्हती. सुट्टी लागली, एवढंच निमित्त. ओव्हनमधून केकचं भांडं बाहेर काढलं तशा सगळ्या डोकावल्या. वर अंड्याचा सोनेरी थर, त्यावर टोमॅटोच्या चकत्या.

"केक केलात?"

"नाही, लगनची सीख."

गणिताच्या बाई हसल्या. "म्हणजे लग्नात नव्या नवरीला देतात ती शिकवण?"

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मला हा विनोद फारच आवडला. नुक्ता न देता देवनागरीत लिहिलं की 'सीख' म्हणजे शिकवण आणि 'सीख' म्हणजे कबाबाची सळई यांत फरकच राहत नाही. 'लगन'चेही तसेच. एक लगन लग्नाचं, एक जीव जडण्याचं, आणि तिसरं फारसीतून आलेलं, म्हणजे तांब्याचं उभ्या काठाचं पसरट भांडं. आमच्या पदार्थातलं लगन हे तिसरं. गंमत अशी, की या सीखेत सळई कुठेच नसते. सीख कबाबाचाच मसालेदार खिमा, पण सळईला न लावता भांड्यात थापायचा, भाजायचा, वर फेटलेली अंडी ओतून पुन्हा भाजायचा आणि वड्या पाडायच्या. इंग्रजी सिनेमांत ज्याला मीटलोफ म्हणतात, त्याची ही मुंबईतली बहीण.

पहिला घास घेतल्यावर कुणीतरी विचारलं, "शाही पदार्थ दिसतोय. मुघलाई का?"

हा प्रश्न मला नवा नाही. वर्गातही मुलं विचारतात. मुसलमानांच्या घरचं जेवण म्हणजे बादशाही दस्तरखान, रोज बिर्याणी, रोज केशर, असा एक समज आहे. हॉटेलांच्या पाट्यांनी तो पक्का केला आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांनाही तो सुखावतो. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "यात चार पाव भिजवून घातलेत. बादशहा पाव भिजवत बसला असेल का?" पण प्रश्न डोक्यात राहिला.

शब्दांपासून सुरुवात करू. आपला खिमा मूळ तुर्की, अर्थ बारीक चिरलेलं. कोफ्ता फारसी, 'कोफ्तन' म्हणजे कुटणे यावरून. उर्दूत मनस्तापाला 'कोफ्त' म्हणतात, तोही याच धातूतून आला आहे. जीव कुटला जातो तो. म्हणजे हे सगळे पदार्थ सुरी आणि खलबत्त्याचे. मांस दळायचं हाताने फिरवायचं यंत्र एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी खिमा म्हणजे कुणाच्या तरी मनगटाची मेहनत होती.

कुटलेल्या मांसाशी खेळायची हौस मात्र फार जुनी. 1226मध्ये बगदादच्या मुहम्मद बिन हसन यांनी 'किताब अल-तबीख' हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. त्यानंतर बत्तीसच वर्षांनी, 1258मध्ये, हुलागूच्या फौजेने बगदाद उद्ध्वस्त केलं. शहर गेलं, पुस्तक उरलं. त्यात 'रुतबिया' नावाचा पदार्थ आहे. रुतब म्हणजे पिकलेला ताजा खजूर. खिम्याला खजुराचा आकार द्यायचा आणि बीच्या जागी सोललेला बदाम खुपसायचा. पाहुणा खजूर समजून खाणार आणि दाताखाली मांस येणार! दुसरा पदार्थ 'नारंजिया', ज्यात कोफ्त्यांना अंड्याच्या बलकाचे आणि केशराचे हात देऊन त्यांची संत्री करतात. आणि 'नर्जिसिया', म्हणजे नर्गिसच्या फुलासारखा, वर अंडी फोडून घातलेला. आपल्याकडच्या नर्गिसी कोफ्त्यात उकडलेलं अंडं खिम्याच्या आत दडवतात. कापलं की पांढऱ्यात पिवळा डोळा दिसतो, आणि उर्दू शायरीत नर्गिस म्हणजे डोळाच. इंग्रजांचं स्कॉच एग याच कोफ्त्यावरून आलं असं हौसेने सांगितलं जातं. 1809च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात ते रश्शासोबत वाढायला सांगितलंय, हे खरं. पण तेवढ्यावरून नातं जोडायला मी तयार नाही. अंडं मांसात लपवण्याची गंमत कुणालाही सुचू शकते. जर्मनीत खिम्याच्या वडीत उकडलेली अंडी घालतात आणि त्याला 'खोटा ससा' म्हणतात.

इथवर दरबाराचीच गोष्ट आहे, हे कबूल. आपल्या शेजारच्या माळव्यात, मांडूच्या गियासशाहने (गादीवर 1469मध्ये आला) 'निमतनामा' हे सचित्र पाकपुस्तक लिहायला घेतलं, त्यातही कबाब-समोशांची रेलचेल आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्याची मापं शेरांत लिहून ठेवली. पण ज्यांनी मापं लिहून ठेवली नाहीत, त्यांचं काय? त्यांचा इतिहास मला भिजवलेल्या पावात दिसतो.

पाव काही फक्त गरिबीचा नाही. प्राचीन रोमच्या पाककृतींतही खिम्यात वाइनमध्ये भिजवलेला पाव घालायला सांगितलाय. पावाने वडी मऊ राहते, रस धरून ठेवते. पण तो मांस वाढवतो, हेही तितकंच खरं. 1930च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन घरांनी मीटलोफ जवळ केला तो याचसाठी. थोडं मांस, बाकी पावाचा चुरा नाहीतर ओट्स. दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये 'बोबोटी' करतात. खिम्यात दुधात भिजवलेला पाव, मसाले, मनुका आणि वर अंड्या-दुधाचा थर. तो पदार्थ सांभाळला केपच्या मलय मुसलमानांनी. त्यांच्या पूर्वजांत डचांनी गुलाम म्हणून नेलेले लोक होते, इंडोनेशियाचे आणि आपल्या हिंदुस्थानचेही. 1694मध्ये मकास्सरच्या शेख युसुफना तिथेच हद्दपार केलं होतं. बोबोटीचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, ही तर आमच्या खालांचीच सीख.

खाला म्हणजे आमच्या शेजारच्या बोहरी बाई. लगनची सीख मूळ त्यांची. बोहऱ्यांच्या घरी सगळे एका थाळाभोवती बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात करतात, मग गोड आणि तिखट आलटून पालटून येतं. माझी अम्मी ही सीख त्यांच्याकडून शिकली. आमच्या घरी अकरा माणसं आणि अर्धा किलो खिमा. खाला एक पाव घालायच्या, अम्मी चार. वर पोर्तुगीजांनी आणलेला बटाटाही किसून घालायची. (पाव हा शब्दही त्यांचाच.) आलं-लसूण, हिरवी मिरची, पुदिना, कोथिंबीर, गरम मसाला भरपूर, म्हणजे पाव कुणाला कळणार नाही. ओव्हन नव्हता. ईदच्या आधी नानखटाईचे पत्रे बेकरीत जायचे, तसंच आमचं भांडंही भट्टीत जायचं. अम्मी मधोमध एकच उकडलेलं अंडं दडवायची. ज्याच्या वडीत ते निघेल, त्याला त्या दिवशी भांडी घासायची सुट्टी. अकरा अंडी परवडत नव्हती, म्हणून हा खेळ होता, हे मला फार उशिरा कळलं.

2015मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैलांपर्यंत वाढली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत खिमा कमी आणि पाव जास्त झाला. मटणाचा भाव काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे. एका विद्यार्थिनीने मला सांगितलं की तिची आई खिम्यात सोयाबीनच्या वड्या कुटून घालते आणि घरी याबद्दल कुणी बोलत नाही. मी तिला रुतबियाची गोष्ट सांगितली. खजूर म्हणून मांस खाऊ घालणाऱ्या बगदादच्या स्वयंपाक्यांना तिच्या आईची युक्ती नक्की आवडली असती. ती हसली, पण "घरी सांगू नका हं बाई," असंही म्हणाली.

तर त्या दिवशी अंडं निघालं गणिताच्या बाईंच्याच वडीत. त्यांनी कृती वहीत उतरवून घेतली आणि वर मथळा दिला, 'लग्नाची शिकवण'. पावांचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

खालांनी घर सोडताना त्यांचं लगन अम्मीला दिलं होतं. ते आता माझ्याकडे आहे. काठावर गुजराती अक्षरांत त्यांचं नाव कोरलंय. माझ्या ओव्हनमध्ये ते मावत नाही, आणि आतली कल्हई उडाल्यामुळे त्यात शिजवताही येत नाही. कल्हईवाला पूर्वी गल्लीत ओरडत यायचा. या रमजानच्या आधी शेवटी एक सापडला, स्टेशनच्या पलीकडे. पाच दिवसांनी या म्हणालाय.